शेवटी येणाऱ्याचा हक्क

फेस्ताच्या दिवशी गाव दिसत नाही, फेस्तच दिसते. मंडप, दुकाने, पाहुणे आणि गोंगाट यांच्या आड मूळ गाव लपून जाते. मंडप उतरला, शेवटचा पाहुणा निघून गेला, की मग गावची विहीर, गावची माणसे आणि गावची रीत आपल्या खऱ्या रूपात पुढे येतात. नावाजलेल्या प्रवासस्थळांचेही असेच असावे, असे आम्हांस पुष्कळ दिवस वाटत होते. एका ऑक्टोबर महिन्यात फिनलंड देशाच्या उत्तर टोकास, लॅपलंड नावाच्या अरण्यप्रदेशात, आठवडाभर राहण्याचा योग आला, आणि या समजुतीची प्रचीती आली. तिच्याबरोबर एक धडाही पदरात पडला. तो वाचकांपुढे ठेवावा, एवढ्याचसाठी हा लेखनप्रपंच.

आमचा भाचा त्या देशातील ओउलु शहरी नोकरीस आहे. “मामा, यायचे तर सप्टेंबरात या, नाही तर सरळ डिसेंबरात या. ऑक्टोबरात तिकडे काही नसते,” असे त्याने फोनवर बजावले होते. परंतु आमची सवड ऑक्टोबरातलीच. शिवाय त्या दिवसांत राहण्याच्या जागांचे दरही उतरलेले. तेव्हा आम्ही उभयतांनी त्याचे म्हणणे मनावर घेतले नाही.

भाच्याचे म्हणणे अगदीच खोटे नव्हते. त्या प्रदेशातील उन्हाळ्यात कित्येक आठवडे सूर्य मावळतच नाही, आणि डासांचे थवेही तेव्हाच उठतात. सप्टेंबरच्या पहिल्या दोन-तीन आठवड्यांत भूर्जवृक्षांची पाने सोन्यासारखी पिवळी व जमिनीलगतची झुडपे कुंकवासारखी लाल होतात. या रंगसोहळ्यास तेथे ‘रुस्का’ म्हणतात, आणि तो पाहण्यास देशभरातून लोक लोटतात. पुढे डिसेंबरात बर्फ जमते, नाताळ जवळ येतो आणि परदेशी पाहुण्यांची झुंबड उडते. या दोन गर्दींच्या मध्ये सापडतो तो ऑक्टोबर. पाने गळून गेलेली, बर्फ अजून न साचलेले, आभाळ करडे आणि जमीन ओली. फिनी भाषेत या महिन्याचे नावच मुळी ‘चिखलाचा महिना’ असे आहे. त्यामागून येणाऱ्या नोव्हेंबरच्या नावात मृत्यूचा अर्थ आहे. आपणही नोव्हेंबर महिना मृतांच्या स्मरणास वाहतो, हे आठवून आम्हांस क्षणभर त्या परक्या भाषेविषयी जवळीक वाटली.

ओउलुहून आगगाडीने रोव्हानिएमी नगर गाठले. त्या नगराच्या उत्तरेस सुमारे आठ किलोमीटरांवर उत्तर ध्रुववृत्ताची रेषा ओलांडावी लागते. तेथून पुढे बस. रस्त्याच्या दोन्ही बाजूंस चीड व भूर्ज यांची राने, मधूनच एखादे तळे, आणि तासन्‌तास एकही गाव नाही. बसमध्ये आमच्याखेरीज चार उतारू. वाटेतील एका उपाहारगृहाचे दार बंद होते व दारावर पुढील महिन्यात भेटण्याचे आश्वासन देणारी पाटी लटकत होती.

त्या भागाच्या विस्ताराची कल्पना यावी म्हणून एक तुलना देतो. तेथील इनारी नावाच्या एकाच तालुकावजा विभागाचे क्षेत्रफळ, त्यातील सरोवरे धरून, १७,००० चौरस किलोमीटरांहून अधिक आहे. आपला बेळगाव जिल्हा सुमारे १३,४०० चौरस किलोमीटरांचा. आणि संपूर्ण गोवा त्या इनारीत चार वेळा मावून वर जागा उरेल. बेळगाव जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेप्रमाणे ४७ लाखांहून अधिक माणसे राहत होती. इनारीची वस्ती आहे सुमारे सात हजार! ज्या देशात माणूस इतका विरळा, तेथे माणसाचे मोल काय असते, हे आम्हांस पुढे दोनच दिवसांत कळून यायचे होते.

आमचा मुक्काम किलोपॅ नावाच्या डोंगराच्या पायथ्याशी होता. डोंगर म्हणजे काही सह्याद्रीचे कडे नव्हेत. हिमयुगातील बर्फाने घासून गुळगुळीत झालेले ते बोडके, गोलसर उंचवटे होत. किलोपॅची उंची जेमतेम ५४६ मीटर. परंतु त्या अक्षांशावर एवढ्या उंचीवरही झाड तग धरीत नाही; माथ्यावर केवळ दगडफूल, खुरटी झुडपे आणि वारा. या डोंगरापासून पूर्वेस रशियाच्या सरहद्दीपर्यंत उर्हो केक्कोनेन राष्ट्रीय उद्यान पसरले आहे. १९५६ ते १९८२ या काळात फिनलंडचे राष्ट्राध्यक्ष असलेल्या केक्कोनेन यांचे नाव त्यास दिले असून त्याची स्थापना १९८३ साली झाली. सुमारे २,५५० चौरस किलोमीटरांचे हे रान. त्यात मोटारीचा रस्ता नाही, दुकान नाही. आहेत त्या पायवाटा, ओढे, दलदली आणि दूरदूर विखुरलेल्या लाकडी झोपड्या.

त्यांपैकी एका झोपडीत रात्र काढून परत यावे, असा बेत ठरला. अंतर सुमारे बारा किलोमीटरांचे. आता आमच्या चुका सांगतो, कारण त्या सांगितल्यावाचून पुढील गोष्टीचा अर्थ कळणार नाही. पहिली चूक म्हणजे आम्ही सकाळी रेंगाळून दुपारी बाराला निघालो. दुसरी चूक त्याहून मोठी. भाच्याने तंबू बांधून ठेवला होता, “झोपडी आहे ना? मग हे ओझे कशाला?” असे म्हणून तो आम्हीच मागे ठेवावयास लावला. त्याने एक शहाणपण मात्र आमचे न ऐकता केले. आपण कोणत्या वाटेने जात आहोत व कधी परतणार, हे त्याने मुक्कामाच्या ठिकाणी लिहून ठेवले.

पहिले दोन तास आनंदात गेले. अशी शांतता आम्ही पूर्वी कधी अनुभवली नव्हती. पाने गळाल्यामुळे रान उघडे झाले होते आणि एका उंचवट्यावरून पुढील दहा डोंगर दिसत. जमिनीवर लिंगनबेरीची लाल, आंबट फळे अजून शिल्लक होती. त्या देशात रानातील फळे व अळंबी कोणीही वेचावी, जमीन कोणाचीही असो, अशी जुनी मोकळीक आहे. आमच्या सौ. करवंदे वेचावीत तशी ती वेचीत राहिल्या, आणि वेळ निघून गेला.

दिवस तेथे फार झपाट्याने आखूड होतो. ऑक्टोबरात रोज सुमारे आठ मिनिटांचा उजेड कमी होत जातो, म्हणजे आठवड्यात जवळजवळ एक तास. सूर्य सव्वासहाच्या सुमारास मावळणार होता. आम्ही मात्र आपल्या गावच्या हिशेबाने चालत होतो. दलदलीवरून जाण्यासाठी तेथे दोन-दोन फळ्या टाकून वाट केलेली असते. सावलीतील एका फळीवर हिवाचा पातळ थर होता. सौ.चा पाय त्यावरून सटकला आणि गुडघ्यापर्यंत चिखलात गेला. बूट पाण्याने भरला. हवा शून्य अंशाच्या आसपास होती. वर बारीक पाऊस सुरू झाला. अर्ध्या तासात त्यांना पायाची बोटे जाणवेनाशी झाली. आमचे हात इतके बधिर झाले की खिशातील विजेरीचे बटण दाबेना. भाचा पुढे, मध्ये सौ., मागे आम्ही, असे न बोलता चालत राहिलो. त्या वेळी मनात आलेले विचार येथे लिहीत नाही. ज्यांनी आपल्या माणसास आपल्याच हट्टापायी संकटात घातले असेल, त्यांना ते सांगावे लागणार नाहीत.

साडेसातच्या सुमारास धुराचा वास आला, आणि मग ओढ्याकाठी एक पिवळी खिडकी दिसली.

भाच्याने दार उघडले. आत एक लोखंडी शेगडी, एक मेज, आणि भिंतीला लागून निजण्याचा फळ्यांचा लांब ओटा. तेवढ्या जागेत पाच माणसे आधीच उतरलेली: एक वृद्ध जोडपे व तीन तरुण. दोरीवर त्यांचे मोजे वाळत होते आणि ओटा त्यांच्या अंथरुणांनी भरलेला होता. जागा नाही, हे उघड दिसत होते. आम्ही उंबऱ्यातच थबकलो. परक्याच्या भरल्या घरात रात्रीच्या वेळी शिरताना जी लाज वाटते, ती आम्हांस वाटली.

परंतु आतील मंडळींनी आमच्याकडे फारसे पाहिलेही नाही. वृद्ध बाई उठल्या, सौ.ना शेगडीजवळ बसविले, त्यांचा बूट काढला आणि आपले कोरडे लोकरी मोजे त्यांच्या पायांत घातले. वृद्ध गृहस्थांनी चहाचे पाणी ठेवले. तिघे तरुण एकमेकांशी दोन शब्द बोलले, आपली अंथरुणे गुंडाळली, तंबू उचलला आणि बाहेर पावसात निघाले.

आम्ही भाच्यास म्हटले, “अरे, त्यांना थांबव. आम्ही खाली जमिनीवर पडू.” त्याने आमचे म्हणणे त्यांच्या भाषेत सांगितले. त्यांतील एकाने दारातूनच उत्तर दिले, त्याचा आशय असा: “आम्ही दुपारीच पोहोचलो. आमचे कपडे वाळले, पोट भरले, अंग शेकले. तुम्ही आता आला आहात. ओटा तुमचा.” एवढे बोलून त्याने दार ओढून घेतले, आतील ऊब बाहेर जाऊ नये म्हणून.

मग भाच्याने त्या झोपड्यांची रीत समजावून सांगितली. फिनी भाषेत तिला ‘औतिओतुपा’ म्हणतात. म्हणजे रानातील निर्मनुष्य घर. पूर्वी रेनडिअर पाळणारे, मासेमार, शिकारी व दूरचे वाटसरू अशा झोपड्यांच्या आधारावर हिवाळ्यात ये-जा करीत. आज त्यांपैकी बऱ्याच सरकारी वनखात्याच्या देखरेखीखाली आहेत. दारास कुलूप नाही, भाडे नाही, रखवालदार नाही. एक-दोन रात्रींहून अधिक राहू नये, हा संकेत. आणि सर्वांत मोठा नियम हा की, झोपडीवर पहिला हक्क शेवटी येणाऱ्याचा! आधी आलेल्याने नंतर आलेल्यास जागा करून द्यावयाची. जागा अगदीच नसेल, तर आधी आलेल्याने बाहेर पडावयाचे.

आम्ही जन्मभर याच्या उलट रीत पाहिली. आधी येईल त्याची जागा. रुमाल टाकला त्याचे बाक. ती रीत आम्हांस न्यायाचीच वाटत आली. परंतु त्या रात्री शेगडीजवळ बसल्यावर या दुसऱ्या नियमातील साधा हिशेब ध्यानात आला. जो आधी पोहोचला त्याला विसावा मिळून चुकला आहे. तो पुढे चालू शकतो किंवा तंबूत निजू शकतो. जो अंधारात, ओल्या अंगाने येतो, त्याला मात्र दुसरा आसरा नाही. तेव्हा तेथे गरजच पाहिली जाते, आणि गरज शेवटी येणाऱ्याचीच मोठी असते. द्राक्षमळ्यातील मजुरांचा दाखला आम्ही लहानपणापासून ऐकत आलो आहोत, आणि प्रामाणिकपणे सांगावयाचे तर दिवसभर राबलेल्या मजुरांची कुरकुर आम्हांस नेहमी रास्त वाटत आली होती. त्या रात्री प्रथमच आम्ही तो दाखला शेवटच्या तासाला आलेल्या मजुराच्या जागी बसून ऐकला.

मध्यरात्री पाऊस थांबला. पाणी आणावयास बाहेर पडलेल्या भाच्याने आम्हांस हाक मारली. आभाळात हिरव्या प्रकाशाचा एक पट्टा पूर्वेपासून पश्चिमेपर्यंत पसरला होता आणि वाऱ्यावर धोतर हलावे तसा मंद हलत होता. सूर्याकडून येणारे विद्युद्भारित कण पृथ्वीच्या वातावरणाच्या उंच थरांत शिरतात, तेथील प्राणवायूवर आदळतात, आणि शंभर किलोमीटरांहून अधिक उंचीवर हा हिरवा उजेड पडतो, असे शास्त्र सांगते. फिनी लोकांनी त्यास ‘कोल्ह्यांचे अग्नी’ असे नाव दिले आहे. बर्फावरून धावणाऱ्या कोल्ह्याच्या शेपटीने उडविलेल्या ठिणग्या, ही त्यामागील लोककथा. तिघे तरुण तंबूबाहेर उभे राहून तेच पाहत होते. थंडीने त्यांचे दात वाजत होते. तरी त्यांनी हसून हात हलविला.

सकाळी ती सर्व मंडळी निघाली. निघण्यापूर्वी वृद्ध गृहस्थांनी तासभर लाकडे फोडली, आत आणून रचली, आणि चाकूने एका काटकीच्या पातळ, कुरळ्या ढलप्या काढून शेगडीपाशी ठेवल्या. आपण जाळली त्याहून अधिक लाकडे त्यांनी ठेविली, हे आमच्या लक्षात आले. “हे आमच्यासाठी?” असे आम्ही भाच्याकरवी विचारले. त्यांनी मान हलविली, आणि दाराकडे बोट दाखविले. ती पुढे येणाऱ्यासाठी होती. बधिर बोटांनी लाकूड फोडता येत नाही. काडी ओढून लगेच पेटेल असे काहीतरी तयार असावे लागते. तो येणारा कोण, त्याचे नाव काय, तो येईल की नाही, हे त्यांना ठाऊक नव्हते.

सौ.चा बूट वाळला नव्हता, म्हणून आम्ही आणखी एक रात्र राहिलो. आता झोपडीत आम्हीच तिघे. ओट्यावर ऐसपैस अंथरुणे पसरली, दोरीवर कपडे टाकले, मेजावर भाताचे भांडे ठेविले. कालची भीती ओसरली होती आणि घर आपलेच वाटू लागले होते. रात्री नऊच्या सुमारास बाहेर पावले वाजली, आणि दोन भिजलेल्या बाया पाठीवर ओझी घेऊन दारात उभ्या राहिल्या.

येथे एक कबुली देणे भाग आहे. त्या क्षणी आमच्या मनात उमटलेला पहिला भाव स्वागताचा नव्हता. ‘आताच कोठे निवांत झालो होतो,’ हा होता. चोवीस तासांपूर्वी ज्या उंबऱ्यात आम्ही थरथरत उभे होतो, त्याच उंबऱ्याकडे पाहून आमच्या कपाळास आठी पडली. आधी सौ. उठल्या. त्यांनी काही न बोलता आपले अंथरूण गुंडाळले व शेगडीजवळची जागा मोकळी केली. मग आम्ही उठलो. उपकार घेताना माणूस गहिवरतो. तोच उपकार दुसऱ्यास देण्याची पाळी आली की त्याला आपली जागा आठवते. परंतु तेथील रीत मनाच्या लहरीवर सोडलेली नाही, हे एक बरे. गहिवर असो वा नसो, उठून जागा द्यावयाची.

सकाळी आम्ही लाकडे फोडली. भाच्याने शिकविल्याप्रमाणे ढलप्या काढण्याचा प्रयत्न केला. त्या वृद्ध गृहस्थांच्या ढलप्यांसारख्या साधल्या नाहीत, तरी पेटण्याजोग्या झाल्या. झोपडीतील वहीत नावे लिहिली, केरकचरा पिशवीत भरून बरोबर घेतला, दार घट्ट लावले आणि या खेपेस सकाळी आठलाच निघालो.

पुढे दोन दिवस आम्ही इनारी गावी होतो. गाव एका विशाल सरोवराच्या काठी आहे. त्यात तीन हजारांहून अधिक बेटे असून नोव्हेंबरच्या सुमारास सारे पाणी गोठते. तेथील मूळचे रहिवासी सामी लोक. त्यांच्या जीवनाचे सुरेख दर्शन सीदा नावाच्या संग्रहालयात घडते. गर्दी नसल्यामुळे आम्हांस ते सावकाश पाहता आले. तेथेच समजले की सामी लोक वर्षाचे चार नव्हे, आठ ऋतू मानतात, आणि शरद व हिवाळा यांच्या मधल्या दिवसांना त्यांच्या भाषेत स्वतंत्र नाव आहे. म्हणजे प्रवासधंद्याच्या लेखी ज्या दिवसांत ‘काही नसते’, तो तेथील माणसांच्या लेखी एक पुरा ऋतू आहे! रानात पांगलेले रेनडिअर त्या दिवसांत हाकून कुंपणात आणतात, कानावरील खुणांवरून कोणाचे कोणते ते निवडतात, आणि हिवाळ्याची बेगमी करतात. आपल्याकडील सुगीच्या दिवसांसारखीच ती धांदल. अलीकडे मात्र त्यांना एक काळजी लागली आहे. हवा उबदार होत चालल्याने बर्फावर पाऊस पडतो, तो गोठून वर कठीण कवच धरतो, आणि त्याखालचे दगडफूल जनावरांस उकरता येत नाही.

आणखी एक गोष्ट आमच्या मनास भिडली. त्या लहानशा मुलखात सामींच्या तीन भाषा बोलल्या जातात. त्यांपैकी इनारी सामी ही बोलणारे आज केवळ काही शेकडा आहेत. ती मरू नये म्हणून १९९७ पासून तेथे लहान मुलांसाठी बालवाड्या चालविल्या जातात, आणि त्यांत तीच भाषा बोलली जाते. महाराष्ट्राबाहेर राहून घरात मराठी टिकविणाऱ्या आमच्या वाचकांस या खटपटीचे मोल वेगळे सांगावयास नको.

शेवटच्या दिवशी जुने अरण्यमंदिर पाहिले. मोटारीचा रस्ता संपल्यावर रानातून चार-पाच किलोमीटर चालावे लागते. मग एका कुरणात, पिएल्पायार्वी तळ्याजवळ, राखाडी पडलेल्या लाकडाचे एक साधे ल्युथरन मंदिर उभे दिसते. १७६० साली ते बांधून झाले. हिवाळ्यात सामी कुटुंबे तेथे एकत्र राहत, म्हणून ते तेथे. पुढे वस्ती हलली. गावात दुसरे मंदिर झाले, ते गेल्या महायुद्धाच्या काळात नष्ट झाले. आणि रानातले हे जुने मात्र राहिले. आजही पास्काच्या सणास व मध्यउन्हाळ्यात तेथे उपासना होते. आम्ही गेलो तेव्हा कोणी नव्हते. दार नुसते लोटलेले होते. आत बाके, लाकडाचा वास, आणि खिडकीतून येणारा ऑक्टोबरचा मंद उजेड. आम्ही थोडा वेळ बसलो आणि निघताना दार पुन्हा लोटून घेतले.

ज्यांची मुले-नातवंडे त्या देशांत आहेत व ज्यांना असा प्रवास घडण्याचा संभव आहे, त्यांच्यासाठी चार शब्द. मोसम संपल्यावर अवश्य जावे. परंतु बसगाड्या कमी व दुकाने लवकर बंद होतात, हे ध्यानात ठेवावे. सूर्यास्ताची वेळ रोज सकाळी पाहावी. ते शिकारीचेही दिवस असल्याने अंगावर भडक रंगाचे वस्त्र असावे. वाट व परतण्याची वेळ कोणास तरी सांगून निघावे. आणि झोपडी आहे म्हणून तंबू मागे ठेवू नये. कारण शेवटी येणारा आपल्यामागूनही असू शकतो.

परतीच्या प्रवासात गोव्यास उतरून मडगावहून बेळगावकडे रात्रीच्या गाडीने निघालो. डब्यात दाटी होती, तरी आम्हां दोघांस खिडकीजवळची चांगली जागा मिळाली होती. लोंढा स्थानकावर एक कुटुंब चढले: डोक्यावर गाठोडी, कडेवर निजलेले पोर. “जागा नाही, पुढच्या डब्यात जा,” असे कोणीतरी आतून ओरडले. आमच्या सौ. सरकल्या. या खेपेस त्यांच्याआधी उठावे, असा आमचा प्रयत्न होता. तो थोडक्यात हुकला.